होडीला कापड कोणतं?

सोनाळ्याहून आमचा बचत गट बोलतोय.

मागच्या वर्षी तलावातल्या मासेमारीसाठी आम्ही प्लायवूडची होडी केली. वरून काचतंतूंची मॅट, पॉलिस्टर रेझिन. स्वस्तात झालं म्हणून खूश होतो. एका पावसाळ्यात पापुद्रा सुटला, पाणी मुरलं, तळाचं प्लाय बोटाने दबायला लागलं. होडीत घरचीच माणसं बसतात, म्हणून या वेळी आधी नीट विचारून घेतलं.

पॉलिस्टर लाकडाला घट्ट धरत नाही. इपॉक्सी धरतं, पण महाग. आणि इपॉक्सीखाली ती मॅट नको. मॅटचे तंतू ज्या खळीने चिकटवलेले असतात ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते; इपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट ताठच राहते. म्हणून विणलेलं काचेचं कापड, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं. ते साधारण आपल्या वजनाइतकं रेझिन पितं, मॅट दुप्पट-अडीचपट. कापड महाग दिसतं, पण रेझिन वाचतं.

जुनं सुती लुगडं चालेल का, असं एका आजींनी विचारलं. सूत पाणी ओढतं, कुजतं. ते गोधडीलाच ठेवा.

कोपऱ्यांना पट्टी उरेब कापा, ब्लाउजच्या गळ्याला कापतो तशी. वळणावर सुरकुतत नाही. तळ दगडाला घासतो, तिथे दोन थर. हातमोजे घालाच, इपॉक्सीने पुरळ येतं. घासताना मास्क लावा, नुसता पदर पुरत नाही.

आमचं प्लाय अजून उन्हात वाळतंय.