कर्ज, रजिस्ट्री, घरपट्टी आणि घराचे खरे कागद

(इंदिरानगर, नाशिक येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरखरेदीवर बोलायला वकील उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वकीलसाहेब, बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद क्लिअर असणारच ना?" पाठोपाठ दुसरा येतो. "रजिस्ट्री झाली, घरपट्टी नावावर लागली, आता काय राहिलं?" पुष्कळ काही राहिलेलं असतं. ज्या तीन गोष्टी हातात आल्या की आपण निर्धास्त होतो, त्या तिन्हींचं काम वेगळंच आहे.

रजिस्ट्री घ्या. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क पुरेसं आहे का बघतो, समोर बसलेला माणूस तोच आहे का बघतो, फोटो आणि अंगठे घेतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासण्याचा अधिकार 1908 च्या नोंदणी कायद्यानं त्याला दिलेलाच नाही. तमिळनाडूनं तसा नियम करून पाहिला, तो सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये रद्द केला. आपण नाशकात सहा टक्के मुद्रांक शुल्क भरतो (घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, हे अनेक नवरोबांना माहीत नसतं), वर 30 हजारांपर्यंत नोंदणी फी. एवढे पैसे सरकारजमा झाल्यावर सरकारनंच खात्री दिली असं वाटणं साहजिक आहे. पण नोंद झाली ती व्यवहाराची. मालकीचा प्रश्न होता तिथंच राहतो.

घरपट्टीची गोष्ट आणखी मजेची. महापालिका अधिनियमात 267-अ नावाचं कलम आहे. बेकायदा बांधकामालाही कर लावायचा, शिवाय दंडही घ्यायचा, आणि त्याच कलमात लिहिलंय की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. तेव्हा कुणी घरपट्टीची पावती पुढं केली, तर महापालिकेला त्या घराचा पत्ता ठाऊक आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आणि बँक? बँकेचा वकील सर्च रिपोर्ट देतो तो बँकेच्या पैशाच्या काळजीनं. हप्ते तुमच्या पगारातून जाणार असतात. बँकेचा निर्धास्तपणा किती टिकाऊ असतो, हे दाखवायला दूर जायला नको. आपल्या नाशिकचं कपाट प्रकरण आठवा.

इथं बसलेल्यांपैकी काहींनी ते भोगलं असेल. नवीन पिढीसाठी थोडक्यात सांगतो. भिंतीबाहेर काढलेलं कपाट त्या वेळच्या नियमांत चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरलं जात नव्हतं. मंजूर नकाशात कपाट दिसायचं. जागेवर मात्र कपाट आणि खोली यांच्यामधली भिंत बांधलीच जायची नाही. खोली तेवढी लांब व्हायची आणि तीच लांबी ग्राहकाला विकली जायची. शहरभर हेच चाललं होतं, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. 2015 च्या सुमारास प्रवीण गेडाम आयुक्त असताना महापालिकेनं प्रत्यक्ष बांधकाम नकाशाशी ताडून बघायला सुरुवात केली. कपाटाचं क्षेत्र खोलीत मोजलं की इमारत एफएसआयच्या बाहेर जायची. कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्णत्वाचा आणि भोगवट्याचा दाखला, अडकला. हजारो सदनिका लटकल्या.

वाढीव क्षेत्र टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन नियमित करा म्हणावं, तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता, आणि आपल्या ले-आउटमधले कितीतरी रस्ते सहा आणि साडेसात मीटरचे. मग महापालिका अधिनियमाचं कलम 210 वापरून रस्ते कागदोपत्री नऊ मीटर करायचे, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून पट्टी सोडायची, असा तोडगा निघाला. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली, तोवर हा घोळ चालू होता. या काळात ज्यांची घरं अडकली, त्यांच्यापैकी अनेकांकडे बँकेचं कर्जही होतं आणि नोंदलेला करारनामाही होता. बिल्डरवर राग काढणं सोपं आहे. माझं म्हणणं असं, की मंजूर नकाशाची प्रत मागून टेप हातात घेऊन खोली मोजली असती, तर फरक कुणालाही दिसला असता.

आता सातबाऱ्याकडं. इंदिरानगर आपण म्हणतो. उताऱ्यावर मौजे वडाळा, मौजे पाथर्डी अशी गावं येतात. इथली बहुतेक जमीन एकेकाळी शेतीची होती. म्हणून "इतर हक्क" हा रकाना चष्मा लावून वाचा. तिथं कुळाचं नाव, शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, नवीन शर्तीचा (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा) शेरा असू शकतो. मग फेरफार काढा. बाप वारला आणि वारस म्हणून फक्त मुलांची नावं लागली, असा फेरफार दिसला की थांबा. बहिणी कुठं गेल्या? त्यांचं नोंदलेलं हक्कसोडपत्र आहे का? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच हिस्सा आहे, 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. "ताईनं तोंडी सोडलंय" हे वाक्य ताई कोर्टात येईपर्यंतच चालतं. महामार्ग ओलांडून सिडकोत घर घेत असाल तर प्रश्न निराळा. तिथली घरं मुळात दीर्घ भाडेपट्ट्याची, त्यामुळं हस्तांतराला सिडकोची परवानगी झाली आहे का ते बघा.

जुन्या इमारतीतला फ्लॅट घेताना एक विचारतच जा : जमीन कुणाच्या नावावर आहे? 1963 च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी, कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं अभिहस्तांतरण करून द्यायला, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायला हवी. वीस-वीस वर्षं होत नाही. त्यावर उपाय आहे. 2008 च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरण आलं, जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो, बिल्डरच्या सहीवाचून काम होतं. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल, तर घोषणापत्र आणि तुमच्या सदनिकेचं डीड ऑफ अपार्टमेंट बघा. जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा त्यातच लिहिलेला असतो.

महारेराचं नाव मी अजून घेतलं नाही, याचं काहींना नवल वाटलं असेल. ज्या रेरा कायद्याखाली ते आलं, तो 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला आणि चांगला आहे. करारनामा नोंदल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, दर कार्पेट क्षेत्रावर ठरतो, बांधकामातला दोष ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत कळवला तर बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. उघडं पार्किंग तर विकताच येत नाही. पण 500 चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. आपल्या कॉलनीतल्या बंगल्याच्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारती बहुतेक याच सवलतीत बसतात. तिथं महारेराच्या संकेतस्थळावर तुम्हाला काही सापडणार नाही. तेव्हा टोकन द्यायच्या आधी मंजूर नकाशा, कम्प्लिशन आणि फेरफारांसह सातबारा यांच्या प्रती मागा आणि तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. देणारा "नंतर देतो" म्हणाला, तर टोकनही नंतरच द्या.