एका दाराने आलेली मदत
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी एखादा व्याधीविषयक विषय निवडावा, अशी आपल्याकडील प्रथा आहे. या वर्षी आम्ही ती किंचित मोडीत आहोत. गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या एका जुन्या देणगीदारांनी प्रश्न विचारला होता : "आम्ही यंत्रासाठी पैसे देतो, मग त्यातले पगारावर का खर्च होतात?" प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते, हेही मान्य केले पाहिजे. त्याचे अधिक चांगले उत्तर आम्हाला सीरियाच्या वायव्य भागात, इदलिब आणि पश्चिम अलेप्पोच्या परिसरात, २०२० ते २०२२ या काळात घडलेल्या घटनांमध्ये सापडले. ते आज आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

सीरियातील यादवी युद्धाला २०११ साली तोंड फुटले. २०२० च्या आरंभी वायव्येचा हा चिंचोळा पट्टा दमास्कसच्या सरकारच्या ताब्याबाहेर होता. त्यात चाळीस लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक आपले घर सोडून तेथे आलेले होते. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या अवघ्या तीन महिन्यांत सुमारे दहा लाख लोक बॉम्बवर्षावामुळे पुन्हा विस्थापित झाले. ५ मार्च २०२० रोजी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात शस्त्रसंधी झाली आणि त्याच महिन्यात कोरोनाची साथ जगभर पसरली. तंबूत आठ-दहा माणसे, पाणी टँकरचे, आणि आपण त्या दिवसांत एकमेकांना सांगत होतो की दोन हात अंतर ठेवा, वारंवार हात धुवा!

साधनसामग्रीची स्थिती काय होती? एवढ्या लोकसंख्येसाठी शे-दीडशे कृत्रिम श्वसनयंत्रे होती, आणि तीही साथ येण्यापूर्वीच इतर रुग्णांनी व्यापलेली. युद्धापूर्वी देशात असलेल्या सुमारे तीस हजार डॉक्टरांपैकी निम्मे २०१५ पर्यंत देशाबाहेर गेले, असा अंदाज आहे. रुग्णालये तर हल्ल्यांचे लक्ष्यच झालेली होती. काही रुग्णालये म्हणूनच डोंगरातील गुहांत आणि तळघरांत हलवली गेली होती.

आता मदतीच्या मार्गाविषयी सांगतो, कारण सारे त्यावर अवलंबून होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने जुलै २०१४ मध्ये २१६५ क्रमांकाचा ठराव करून दमास्कसच्या संमतीवाचून सीमेपलीकडून मदत नेण्यास चार नाकी खुली केली : तुर्कस्तानच्या सीमेवर दोन, इराकच्या सीमेवर एक आणि जॉर्डनच्या सीमेवर एक. जानेवारी २०२० मध्ये नकाराधिकाराच्या राजकारणात त्यांतील दोन बंद झाली. जुलै २०२० मध्ये, म्हणजे साथ ऐन भरात येऊ लागली असताना, आणखी एक बंद झाले. उरले ते बाब अल-हवा हे एकच नाके. महिन्याला हजाराच्या आसपास मालमोटारी त्यातून जात. धान्य, तंबू, औषधे, चाचणीचे संच, जे काही राष्ट्रसंघाचे होते ते सर्व या एका दाराने. आणि ते दार सहा महिन्यांनी वा वर्षाने पुन्हा उघडे राहील की नाही, हे न्यूयॉर्कमधील मतदानावर ठरे. इराकच्या बाजूचे अल-यारुबिया नाके बंद झाल्याचा परिणाम ईशान्य सीरियाने लगेच भोगला. एप्रिल २०२० च्या आरंभी कामिश्ली येथे एक रुग्ण दगावला. त्याचा नमुना दमास्कसला गेला होता. तो बाधित होता ही वार्ता स्थानिक आरोग्ययंत्रणेला मिळाली ती सुमारे दोन आठवड्यांनी. साथीत दोन आठवडे म्हणजे काय, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवलेले आहे.

इदलिबमध्ये असे घडले नाही, आणि त्यामागचे कारण आम्हाला या सर्व कथेत सर्वाधिक महत्त्वाचे वाटते. इदलिब शहरात एक लहान प्रयोगशाळा होती आणि तीत पीसीआर चाचणीचे एकच यंत्र होते. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेकडून चाचणीचे पहिले संच आले, ते तीनशे. चाळीस लाखांना तीनशे! परंतु संच आले त्याच दिवसांत चाचण्या सुरू होऊ शकल्या, कारण त्या वापरणारी माणसे तेथे आधीपासून होती.

ही माणसे आली कोठून? ऑक्टोबर २०१३ मध्ये पूर्व सीरियातील देर अझ-झोर येथे पोलिओ पुन्हा उद्भवल्याचे निश्चित झाले. त्या उद्रेकात ३६ मुलांना पोलिओ झाला. सरकारच्या ताब्याबाहेरील भागांत रोगाची खबर देणारी यंत्रणाच उरली नव्हती. त्याच वर्षी तुर्कस्तानातील गाझियान्तेप येथून सीरियन डॉक्टरांनीच साथरोगांच्या पूर्वसूचनेचे जाळे विणले. गावोगावचे कार्यकर्ते दर आठवड्याला गोवर, कावीळ, लुळेपणा यांच्या संशयित रुग्णांची नोंद पाठवीत. परदेशी संस्थांनी त्यांना मानधन, वाहनखर्च आणि प्रशिक्षण पुरवले. घरोघर जाऊन लस पाजणारे स्वयंसेवक तयार झाले. आपल्याकडील पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसणाऱ्या भगिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सात वर्षांनी कोरोना आला तेव्हा तेच कार्यकर्ते, तीच नोंदवही आणि तीच शीतसाखळी कामास आली. २०१३ नंतर ज्या देणगीदारांनी या मानधनासाठी पैसे दिले, त्यांना उद्घाटनाची फीत कापता आली नसेल, छायाचित्रही काढता आले नसेल.

या भागातील पहिला बाधित रुग्ण ९ जुलै २०२० रोजी आढळला, आणि तो बाब अल-हवा येथील रुग्णालयातील डॉक्टरच होता. त्यापाठोपाठ सापडलेल्या रुग्णांतही आरोग्यसेवकांची संख्या मोठी होती. जेथे डॉक्टर मुळातच मोजके, तेथे एक डॉक्टर विलगीकरणात गेला की एक विभाग बंद पडतो. 'व्हाइट हेल्मेट्स' म्हणून ओळखले जाणारे नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक रुग्णांची ने-आण करीत होते आणि मृतांचे दफनही करीत होते. या काळात तोफा मात्र पूर्ण थांबल्या नाहीत. २१ मार्च २०२१ रोजी अतारिब येथील भुयारी रुग्णालयावर तोफगोळे पडले. रुग्ण मृत्युमुखी पडले, कर्मचारी जखमी झाले. हल्ला होऊ नये म्हणून या रुग्णालयाचे ठिकाण संयुक्त राष्ट्रसंघामार्फत संबंधितांना आधीच कळवलेले होते.

बरोबर एक महिन्याने, २१ एप्रिल २०२१ रोजी, लशीच्या ५३,८०० मात्रा बाब अल-हवा ओलांडून इदलिबमध्ये पोहोचल्या. १ मे रोजी लसीकरण सुरू झाले, आणि पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला. येथे या कथेचा धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. गरीब आणि युद्धग्रस्त देशांनाही लस मिळावी म्हणून 'कोव्हॅक्स' ही जी आंतरराष्ट्रीय योजना होती, तिच्या प्रारंभीच्या वाटपात सीरियाच्या वाट्याला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस लिहिलेली होती. पण मार्च २०२१ च्या अखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात थांबली. कोव्हॅक्सला पुण्याहून होणारा पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच रुग्णालयाच्या आवारात प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्रभर उभे राहिलेले नातेवाईक आज या सभागृहात आहेत. निर्यात थांबवू नये असे त्या वेळी आमच्यापैकी कोणी म्हटले नसते, आणि आजही तसे म्हणण्याचे धैर्य आम्हास होत नाही. मात्र त्याची किंमत कोठेतरी कोणीतरी मोजली, एवढे ठाऊक असावे. सप्टेंबर २०२१ मध्ये डेल्टाची लाट इदलिबवर आली तेव्हा लस मिळालेल्यांचे प्रमाण अत्यल्प होते. अतिदक्षता विभाग भरून गेले आणि प्राणवायूचा तुटवडा पडला. मधल्या काळात चीनमधील सिनोव्हॅक लस पोहोचली होती, पण गरजेच्या मानाने ती थोडीच होती.

आणि लाट ओसरल्यानंतर? युरोपीय निधीच्या मुदती संपल्या, नवे करार झाले नाहीत. २०२२ च्या पूर्वार्धात या भागातील दहाहून अधिक रुग्णालयांचे परकीय साहाय्य बंद झाले. इमारत उभी होती, श्वसनयंत्रेही होती. डॉक्टर आणि परिचारिका महिनोन्महिने विनावेतन येत राहिल्या, काहींनी नाइलाजाने काम सोडले, काही विभागांना कुलूप लागले. साथीच्या भरात मिळालेल्या मदतीचा मोठा भाग वस्तूंच्या रूपाने आला होता आणि वस्तू तशाच राहिल्या. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये याच प्रदेशाला भीषण भूकंपाचा तडाखा बसला. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसची राजवटही कोसळली. पण तो आजचा विषय नव्हे.

आता आपल्या घराकडे वळतो. २०२० च्या उत्तरार्धात आपल्याला दोन श्वसनयंत्रे देणगीरूपाने मिळाली. देणगीदारांचे नाव संगमरवरी पाटीवर कोरलेले आहे आणि ते ऋण आम्ही कधीही विसरणार नाही. परंतु रात्रपाळीत ती चालवू शकणारी व्यक्ती आपल्याकडे नसल्याने कित्येक आठवडे त्यांतील एक यंत्र आच्छादनाखाली उभे होते. ही गोष्ट त्या वर्षीच्या अहवालात आम्ही लिहिली नाही. लिहावयास हवी होती. पुढे आपल्या दोन परिचारिकांना प्रशिक्षणासाठी पाठवले, त्यांची रात्रपाळीची वेतनवाढ सर्वसाधारण निधीतून भागवली, आणि दुसऱ्या लाटेत ती दोन्ही यंत्रे अहोरात्र चालली. गेल्या वर्षी विचारल्या गेलेल्या प्रश्नातील 'पगारावर गेलेले पैसे' ते हेच.

तरी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे की, आगामी अंदाजपत्रकात प्रशिक्षण व रात्रपाळी यांसाठी स्वतंत्र निधी निर्माण करावा आणि यापुढे यंत्रासाठी देणगी स्वीकारताना ते तीन वर्षे चालवण्याचा खर्च देणगीदारांना आरंभीच कळवावा. ज्यांना केवळ यंत्रासाठीच देणगी द्यावयाची आहे त्यांची देणगीही आम्ही आदरपूर्वक स्वीकारू. मात्र चालवणारी व्यक्ती नेमली जाईपर्यंत ते यंत्र मागवले जाणार नाही. प्रस्तावाचा मसुदा आणि अपेक्षित खर्चाचा तक्ता जमाखर्चाच्या पत्रकानंतर जोडला आहे. सभासदांनी आपल्या सूचना महिनाअखेरपर्यंत कार्यालयात लेखी द्याव्यात.