दोष बॅटरीचा, दिवा दुसऱ्याचा

मोटारीची बॅटरी अशक्त झाली की डॅशबोर्डावर एबीएसचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, इंजिनाचा असे निरनिराळे दिवे एकाच वेळी लागू शकतात. त्या यंत्रणांमध्ये प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. गंमत अशी, की बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा मात्र अशा वेळी बहुधा गप्पच असतो. तो दिवा बॅटरीची प्रकृती सांगतच नाही. अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डायनॅमो, वीज देतो आहे की नाही, एवढेच त्याला कळते. इंजिन चालू आहे, डायनॅमो फिरतो आहे, मग त्या दिव्याच्या लेखी सारे आलबेल.

जुन्या गाड्यांमध्ये हा घोळ नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा अँबॅसडर घ्या. बॅटरी उतरली की सेल्फ घरघर करी, हेडलाइट पिवळे पडत, हॉर्नचा आवाज बसे. चार माणसांनी धक्का मारला आणि चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी चालू होई. कार्ब्युरेटरला पेट्रोल ओढायला वीज लागत नसे; प्लगला ठिणगी मिळाली की काम भागे. आजच्या साध्या छोट्या गाडीतही इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दारे-काचा आणि मीटर यांचे वेगवेगळे नियंत्रक असतात. प्रत्येक नियंत्रक म्हणजे एक छोटा संगणकच. भारतात २०१९ मध्ये एबीएस आणि चालकापुढची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यामुळे स्वस्तातल्या गाडीलाही हा सगळा पसारा सांभाळावा लागतो. साऱ्या पसाऱ्याचा मूळ पुरवठा मात्र एकच, बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी.

या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव. आकड्यांतला फरक किती थोडा आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्ण आणि निम्म्या बॅटरीत अर्ध्या व्होल्टचेही अंतर नाही. शिवाय गाडी नुकतीच चालवून थांबवली असेल तर बॅटरीतल्या पत्र्यांच्या पृष्ठभागावरच्या ताज्या चार्जमुळे आकडा फुगलेला दिसतो. म्हणून नुसता मीटर लावून ‘बॅटरी ठीक आहे’ असा निर्वाळा देणे घाईचे ठरते.

खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा स्टार्टर मोटर एका झटक्यात शेदोनशे अँपिअर प्रवाह ओढते, आणि इथे बॅटरीचा अंतर्गत रोध महत्त्वाचा ठरतो. निरोगी बॅटरीचा रोध ५ मिलिओहम धरला, तर २०० अँपिअरला तिच्या आतच १ व्होल्ट खर्च होतो आणि गाडीच्या वाट्याला साधारण साडेअकरा व्होल्ट येतात. बॅटरी जुनी झाली, पत्रे गंजले, त्यांच्यावर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसले, की रोध वाढतो. तो १५ मिलिओहम झाला तर त्याच प्रवाहाला ३ व्होल्ट आतच जिरतात. उभ्या गाडीत १२.४ दाखवणारी बॅटरी सेल्फच्या क्षणी ९.४ वर येते. इंजिन तरीही चालू होते, आणि फसगत होते ती यामुळेच. गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी चांगली, हा समज पद्मिनीच्या काळातला आहे.

त्या एक-दीड सेकंदाच्या खड्ड्यात सगळे नियंत्रक सारखे वागत नाहीत. इंजिनाच्या नियंत्रकाला सेल्फ मारतानाच काम करायचे असते, म्हणून त्याची रचना व्होल्टेज बरेच खाली गेले तरी तग धरेल अशी करतात. एबीएसला पंपाची मोटर आणि झडपा भरवशाने हलवायच्या असतात. पुरवठा साधारण नऊ-दहा व्होल्टच्या खाली गेला की तो आपले काम थांबवतो, ‘मी सध्या उपलब्ध नाही’ असे जाहीर करतो आणि दिवा लावतो. हा त्याचा दोष मानता येणार नाही. अर्धवट दाबाने ब्रेकशी खेळण्यापेक्षा बाजूला होणे केव्हाही सुरक्षित. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगची कथाही अशीच. पार्किंगमध्ये गाडी जागच्या जागी वळवताना त्याची मोटर बरेच अँपिअर ओढते. पुरवठा कमी पडला तर नियंत्रक मदत कमी करतो किंवा बंद करतो. चाक एकाएकी जड होते आणि पिवळा दिवा लागतो.

सेन्सरांचा गोंधळ आणखी वेगळा. अनेक सेन्सरांना नियंत्रकाकडून ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा मिळतो आणि त्याच्या प्रमाणात ते आपले माप सांगतात. मूळ पुरवठा फारच ढासळला की हे ५ व्होल्टही डळमळतात आणि सेन्सरचे माप अशक्य वाटावे असे येते. नियंत्रकाला दोनच शक्यता दिसतात: सेन्सर बिघडला किंवा त्याची वायर तुटली. ज्या फुटपट्टीने मोजायचे तीच आखडली आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. काही नियंत्रक व्होल्टेजवर नजर ठेवतात आणि ते पडले असता अशी मापे नोंदवण्याचे टाळतात. पण ही दक्षता सगळ्या गाड्यांत सारख्या प्रमाणात नसते.

आता एका दिव्याचे पाच दिवे कसे होतात ते पाहण्यासारखे आहे. हे सारे नियंत्रक दोन तारांच्या एका सामाईक जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. कॅन नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे जाहीर केली आणि आता ती जगभर रूढ आहे. चाकांच्या वेगाची माहिती एबीएसकडून इंजिनाला, मीटरला आणि स्टिअरिंगला सेकंदाला अनेकदा जात असते. व्होल्टेज पडल्यामुळे एबीएसचा नियंत्रक क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर तेवढ्या वेळात त्याचे निरोप थांबतात. वाट पाहणारा प्रत्येक जण आपापल्या वहीत नोंद करतो, की एबीएसशी संपर्क तुटला. स्टिअरिंगला वेग कळेना म्हणून त्याचा दिवा, स्थिरता नियंत्रणाला चाके कळेनात म्हणून त्याचा दिवा. घटना एक आणि तक्रारी पाच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की या तक्रारी कोडच्या रूपाने बाहेर येतात. पी अक्षराचे कोड इंजिन-गिअरचे, सी चे ब्रेक-स्टिअरिंगचे, बी चे बॉडीचे आणि यू चे आपसांतील संपर्काचे. पी ०५६२ म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज कमी. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला, यू ०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला. वेगवेगळ्या यंत्रणांचे कोड एकाच वेळी नोंदले गेले असतील, त्यांत यू ची गर्दी असेल आणि बरेचसे ‘सध्या नाही, पूर्वी होता’ अशा सदरात पडलेले असतील, तर संशय आधी बॅटरीवर यायला हवा. पाच यंत्रणा एकाच सकाळी, एकाच सेकंदाला स्वतंत्रपणे बिघडण्याची शक्यता किती? अनेक कोडांबरोबर त्या क्षणाची परिस्थितीही साठवलेली असते. तिच्यात व्होल्टेज ९ च्या घरात दिसले तर शोध बहुतेक तिथेच संपतो. पण यादीतला पहिला कोड वाचून त्या नावाचा सेन्सर बदलण्याची सवय अनेक कारागिरांना असते. नव्या सेन्सरानंतर कोड पुसले जातात, दिवे जातात, आणि आठवड्याने परत येतात.

बॅटरी मुळात अशक्त का होते? उष्णता हे पहिले कारण. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुपटीने वाढतो. पत्रे लवकर गंजतात आणि पाणी उडते. उदाहरणार्थ, तमिळनाडूत कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर हे गाव घ्या. कावेरीच्या त्या सपाट प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंशांच्या पुढे असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक. तिथे बॅटरी लवकर म्हातारी होते, हे उघड आहे. पण कमी लक्षात येणारी गोष्ट दुसरीच आहे: तिथे थंडी नाही. नाशिकला किंवा महाबळेश्वरला डिसेंबरातल्या पहाटे इंजिनातले तेल दाट होते, बॅटरीची ताकद घटते आणि सेल्फ कण्हतो. मालकाला आगाऊ सूचना मिळते. मरुदानल्लूरला सकाळीही हवा उबदार, म्हणून थकलेली बॅटरीसुद्धा गाडी निमूटपणे चालू करते. अशा ठिकाणी बॅटरीच्या म्हातारपणाचे पहिले लक्षण म्हणून सेल्फच्या आवाजाऐवजी एबीएसचा दिवाच दिसू शकतो.

दुसरे कारण उभी गाडी. कुलूप लावलेल्या गाडीतही रिमोटची वाट पाहणारे, स्मृती जपणारे भाग जागे असतात. २० ते ५० मिलिअँपिअर इतका प्रवाह त्यांना लागतो आणि तो रीतसरच आहे. ५० धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने पंधरवड्यात निम्मी होते. त्यात डॅशकॅम किंवा ट्रॅकर बसवलेला असेल तर आणखी लवकर. चेन्नईला नोकरी करणाऱ्याची मरुदानल्लूरच्या घरी उभी असलेली गाडी आणि मुंबईकराने गणपतीत कोकणात नेऊन शिमग्यापर्यंत अंगणात ठेवलेली गाडी, दोघींचे दुखणे एकच. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. तेव्हा अनेकांनी रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा नेम केला. त्याचा फायदा नाममात्र असतो. उतरलेली बॅटरी चार्ज सावकाश स्वीकारते. तिला तासन्‌तास लागतात. एक लांब फेरी किंवा घरच्या प्लगवर चालणारा चार्जर, हाच उपाय.

तपासणीचा क्रम साधा आहे आणि तो मल्टिमीटरने घरीही करता येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. मग सेल्फ मारताना ते किती खाली जाते ते पाहावे. साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट मिळाले तर डायनॅमो ठीक. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा आकडा मुद्दाम खालीवर करतात, तेव्हा एकाच मापावर विसंबू नये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचलेली असेल किंवा इंजिनाला आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगचा बोल्ट सैल असेल, तर नवी कोरी बॅटरीही म्हाताऱ्या बॅटरीसारखीच वागते. हे पाहायला पाना आणि ब्रश पुरतो, आणि तरीही ते सर्वांत शेवटी पाहिले जाते. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये आणखी एक खूण मिळते: बॅटरी थकली की ही सोय सर्वांत आधी काम करेनाशी होते.

बॅटरी बदलताना काही पथ्ये आहेत. इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढण्याची जुनी युक्ती आजच्या गाडीला घातक आहे. बॅटरी सुटल्याक्षणी डायनॅमोचे व्होल्टेज उसळते आणि आतापर्यंत नुसता खोटा असलेला बिघाड खरा होऊ शकतो. जंपर केबलचे लाल-काळे उलटे लागले तरी तेच. आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी प्रकारचीच बॅटरी लागते. साधी बसवली तर ती फार काळ टिकत नाही. नवी बॅटरी जोडल्यावर घड्याळ, काचांची आपोआप वर जाण्याची सोय, कधी इंजिनाची संथ गती आणि स्टिअरिंगचा मध्यबिंदू यांची उजळणी नियंत्रकाला करावी लागते. त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरांत एखादा दिवा राहिला तर घाबरण्याचे कारण नसते.

त्यानंतर जुने कोड पुसून गाडी काही दिवस चालवावी. बॅटरी, डायनॅमो आणि अर्थिंग ठीक असूनही एकच दिवा, एकाच कोडासह परत आला, तर तो बिघाड खरा समजावा: चाकाच्या सेन्सरची चिखलाने कुरतडलेली वायर किंवा एअरबॅगचा सैल झालेला जोड. ऑइलचा आणि ब्रेकचा तांबडा दिवा यांना मात्र हा सगळा युक्तिवाद लावू नये. इंजिन चालू असताना ऑइलचा दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करावी. ब्रेकचा लागला तर हँडब्रेक ओढलेला नाही ना हे पाहून आधी ब्रेक ऑइलची पातळी तपासावी.