औषधशास्त्रातील दोन ‘डॉक्टर’

(औषधनिर्माणशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “सर, फार्म. डी. केले की नावाआधी ‘डॉक्टर’ लागते ना? मग पीएच. डी.साठी आणखी वर्षे कशाला घालवायची?” प्रश्न व्यवहाराचा आहे, त्यात काही वावगे नाही. पण या दोन पदव्या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. गैरसमज आहे तो तिथे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातील एका काकूंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते. परंतु रक्तदाबाची गोळी रोज घेण्याची सवय असलेल्या काकू हीही गोळी रोज घेऊ लागल्या. दुकानदाराने पाकीट पुढे सरकवले, पैसे घेतले; समजावून सांगण्याचे काम कुणाचेच नव्हते. आठ-दहा दिवसांत तोंडभर फोड आले, पाणीही गिळवेना, रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्या. रुग्णालयात दाखल केल्यावर फार्म. डी.च्या शेवटच्या वर्षाची एक प्रशिक्षणार्थी मुलगी आली. तिने काकूंची औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि पाकीट कोणत्या तारखेला घेतले ते विचारले. हिशेब तिथल्या तिथे लागला. डॉक्टरांनी ताबडतोब उतारा म्हणून फोलिनिक आम्ल सुरू केले. काकू वाचल्या.

आता याच औषधाची दुसरी बाजू पाहा. मेथोट्रेक्सेट ज्या संशोधनातून आले, त्याच्या मुळाशी एक भारतीय होता : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातील भीमावरम् येथे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना हा विद्यार्थी खादी वापरू लागला, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची खप्पा मर्जी झाली आणि एम. बी. बी. एस.ऐवजी एल. एम. एस. ही दुय्यम पदवी पदरी पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात काही काळ अध्यापन करून ते अमेरिकेला गेले आणि १९३० साली हार्वर्डची पीएच. डी. मिळवली. त्यांचा विषय औषधनिर्माण नव्हता, जीवरसायनशास्त्र होता. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक आम्लासारखेच दिसणारे, पण पेशीला चकवून तिची वाढ रोखणारे रेणू तयार केले. त्यांतील अमिनोप्टेरिनने रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांचा आजार तात्पुरता हटतो, हे सिडनी फार्बर यांनी १९४८ साली जगापुढे मांडले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले.

औषध एकच. सुब्बारावांचा प्रश्न होता, हा रेणू पेशीत काय करतो? त्या मुलीचा प्रश्न होता, या पलंगावरच्या बाईंनी तो किती घेतला? पहिल्या प्रश्नाला वर्षे लागतात आणि उत्तर चुकले तरी नव्याने प्रयोग मांडता येतो. दुसऱ्या प्रश्नाला संध्याकाळपर्यंतही सवड नसते. पीएच. डी. पहिल्या प्रश्नासाठी माणूस घडवते, फार्म. डी. दुसऱ्यासाठी.

आपल्याकडे फार्म. डी. २००८ साली सुरू झाली. बारावीनंतर पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे. त्यात सहा महिने सर्वसाधारण वैद्यक विभागात आणि दोन-दोन महिने अन्य तीन विभागांत. बी. फार्म. झालेल्यांना हाच अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करता येतो. पीएच. डी.चा रूढ मार्ग बी. फार्म., एम. फार्म. आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचे संशोधन व प्रबंध असा. फार्म. डी. झालेलाही पुढे संशोधनाकडे वळू शकतो. ती वाट बंद नाही. अमेरिकेत तर फार्मसिस्ट म्हणून परवाना हवा असेल, तर फार्म. डी. हीच मूळ पदवी मानली जाते. तिथे तिला कुणी पीएच. डी.ची धाकटी बहीण समजत नाही.

आपल्याकडे घोळ का झाला, तर त्याला इतिहास आहे. १९३२ साली पं. मालवीयजींच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणाच्या शिक्षणाचा पाया घातला. पारतंत्र्यातील देशाला स्वतःची औषधे स्वतः बनवता यावीत, ही तेव्हाची निकड होती, आणि ती रास्तच होती. आपले शिक्षण कारखान्याकडे तोंड करून वाढले. त्याचे फळ आज जग घेते आहे. पण रुग्णाच्या पलंगाकडे आपली पाठ राहिली, ती राहिलीच.

२०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे फार्मसिस्टचे कर्तव्य म्हणून आले. २०२१च्या दुरुस्तीने ‘क्लिनिकल फार्मसिस्ट’ हे पदनामही आले. पण नियमात पदनाम आले म्हणून रुग्णालयात पद निर्माण होत नाही! सहा वर्षे शिकलेली मुले कंपन्यांत संगणकापुढे दुष्परिणामांच्या नोंदी करतात किंवा परदेशाची वाट धरतात. नोंदींचे कामही महत्त्वाचेच. तथापि ज्या वॉर्डासाठी त्यांना घडवले, त्या वॉर्डात त्यांना खुर्ची नाही. पीएच. डी.चीही अवस्था सर्वत्र स्पृहणीय आहे असे मी म्हणणार नाही. पदोन्नतीसाठी उरकलेले प्रबंध ग्रंथालयांत धूळ खात पडलेले मी पाहिले आहेत.

तेव्हा पालकांनो, मुलाला ‘डॉक्टर’ म्हणतील का, हे विचारू नका. त्याला माणसांत वावरायला आवडते की एकाच प्रश्नापाशी चार-पाच वर्षे बसून राहण्याची चिकाटी आहे, ते पाहा. फार्म. डी.कडे जायचे ठरलेच, तर प्रवेशाआधी महाविद्यालयाचे संलग्न रुग्णालय स्वतः पाहून या. नियमाप्रमाणे ते किमान तीनशे खाटांचे हवे. इमारत पाहून परतू नका. सकाळच्या फेरीच्या वेळी जा आणि फार्म. डी.चे विद्यार्थी डॉक्टरांबरोबर पलंगापाशी उभे आहेत की बाहेर व्हरांड्यात, तेवढे बघून या.