ऑलिव्हियाची सात वर्षं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवरच बजावलं होतं की नोकरीबद्दल बोलायचं नाही आणि मुलांच्या मार्कांबद्दल तर मुळीच नाही. ज्याचं वेड आहे त्यावर पंधरा मिनिटं बोला. माझं वेड जुन्या हॉलिवूडमधल्या नट्यांचं आहे. तीस-चाळीसच्या दशकातल्या, बहुतेक काळ्या-पांढऱ्या सिनेमांतल्या. दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईला हे खूळ कुठून लागलं, असं ऑफिसातही विचारतात. ते जिथून लागलं ती गोष्ट तुमच्याही घरात होती.

१९९५ साली, आपण नववीत असताना, केबलवर कार्टून नेटवर्क आलं. आठवतंय? दिवसभर कार्टून, आणि नंतर त्याच जागी टीएनटी नावाचा चॅनल सुरू व्हायचा. टॉम आणि जेरीची धावपळ संपली की एकदम एमजीएमचा सिंह डरकाळी फोडायचा. कार्टून नेटवर्क टर्नर यांच्या कंपनीचं, आणि एमजीएमच्या जुन्या सिनेमांचा आणि वॉर्नर ब्रदर्सच्या १९५० पूर्वीच्या सिनेमांचा साठाही त्याच कंपनीकडे होता, म्हणून ही जोडी जमली होती. हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा तुम्ही बहुतेक सगळे टीव्ही बंद करून जेवायला जात होतात. मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचे. संवाद निम्मे कळायचे नाहीत. पण बेटी डेव्हिस सिगारेट विझवून एखाद्या माणसाकडे बघायची तेव्हा त्याचं काय होणार आहे ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. कॅथरिन हेपबर्न पँट घालून, हात खिशात घालून, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची. आपल्या वर्गात असं बोललं असतं तर बाकावर उभं केलं असतं. (बाई, हे तुम्हाला नाही. दुसऱ्या तुकडीबद्दल बोलतेय.)

आज मात्र मी या दोघींपैकी कुणाबद्दल फार बोलणार नाही. मला बोलायचंय ते ऑलिव्हिया डी हॅविलंडबद्दल.

'गॉन विथ द विंड' पाहिलेल्यांना स्कार्लेट आठवते. ऑलिव्हिया त्यातली मेलनी. सोशिक, मायाळू, सगळ्यांचं भलं चिंतणारी. त्या वयात मला मेलनीचा रागच यायचा. आपल्या जुन्या मराठी सिनेमात देवघरात डोळे पुसणारी थोरली जाऊ असते ना, तशी वाटायची. पण ही भूमिका मिळवण्यासाठी तिने काय केलं ते ऐका. ती वॉर्नर ब्रदर्सकडे कराराने बांधलेली होती आणि हा सिनेमा दुसऱ्या निर्मात्याचा. जॅक वॉर्नर तिला सोडायला तयार नव्हते. तिने सरळ त्यांच्या पत्नीला चहाला बोलावलं आणि तिच्यामार्फत होकार मिळवला. मेलनीला हे सुचलं नसतं.

आता हा करार काय होता ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. त्या काळी स्टुडिओ नटनट्यांना सहसा सात वर्षांसाठी बांधून घेत. बांधलेली असायची ती नटी. स्टुडिओला मात्र ठरावीक मुदतीनंतर करार पुढे न चालवण्याची मुभा असे. कुठला सिनेमा करायचा ते स्टुडिओ ठरवणार. भूमिका नाकारली तर बिनपगारी निलंबन. आणि खरी मेख पुढे होती: निलंबनाचे जितके आठवडे, तितके कराराच्या शेवटाला जोडायचे. म्हणजे तुम्ही जितका नकार द्याल तितके जास्त काळ अडकून राहाल.

यावर पहिला धक्का दिला बेटी डेव्हिसने. ऑस्कर मिळूनही वॉर्नर ब्रदर्स तिच्या पदरात टाकाऊ भूमिका घालत होते. १९३६ साली ती सरळ इंग्लंडला निघून गेली, दुसऱ्या निर्मात्याकडे काम करायला. स्टुडिओने लंडनच्या कोर्टात खटला भरला. कोर्ट म्हणालं, हिला वॉर्नरकडे काम करायची सक्ती आम्ही करू शकत नाही, पण दुसऱ्या कुणाकडे काम करू नको अशी मनाई करू शकतो. ती हरली. हा खटला आपल्याकडे करार कायद्याच्या पुस्तकांत अजून शिकवतात. मागच्या रांगेत आपल्या वर्गातले वकीलसाहेब मान डोलावताहेत. गंमत अशी की हरून परत आल्यावर तिला भूमिका चांगल्या मिळू लागल्या, आणि १९३८ च्या 'जेझेबेल'साठी दुसरं ऑस्करही मिळालं. स्टुडिओला कळलं होतं की ही गप्प बसणारी नाही.

ऑलिव्हिया गप्प बसणारी वाटायची. एरल फ्लिनबरोबर आठ सिनेमे, 'रॉबिन हूड'मधली मॅरियन, सुंदर कपडे, आणि नायक तलवार परजत असताना गच्चीवरून काळजीने बघणं. मेलनीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं तरी परतल्यावर वॉर्नरकडे तिच्या वाट्याला बेटी डेव्हिस राणी असलेल्या सिनेमात मागे उभं राहणं आलं. ती भूमिका नाकारत गेली, निलंबित होत गेली. मे १९४३ मध्ये तिच्या कराराची सात वर्षं भरली. स्टुडिओने हिशेब काढला: निलंबनाचे पंचवीस आठवडे बाकी आहेत.

तिच्या वकिलाने, मार्टिन गँगने, कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या एका जुन्या कलमावर बोट ठेवलं. त्यात म्हटलं होतं की माणसाच्या श्रमाचा करार सात वर्षांपलीकडे त्याच्यावर लादता येणार नाही. स्टुडिओचं म्हणणं, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. तिचं म्हणणं, सात वर्षं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षं. आमच्या धंद्यात यावर रोज भांडणं होतात. 'दहा दिवसांत देतो' म्हणजे कामाचे दहा की कॅलेंडरचे दहा, यावर मी क्लायंटशी तासन्‌तास वाद घातलेत. पण तिथे एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य या प्रश्नावर टांगलेलं होतं. कारण हा हिशेब मान्य झाला, तर पुढच्या पंचवीस आठवड्यांत आणखी एक भूमिका नाकारायची आणि आणखी आठवडे वाढवून घ्यायचे. त्याला अंत नव्हता.

खटला चालू असेपर्यंत तिला सिनेमात काम नव्हतं. जॅक वॉर्नरनी इतर स्टुडिओंना कळवलं होतं की ही आमची आहे, हिला घेऊ नका. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नटीच्या आयुष्यातली ती वर्षं काय मोलाची असतात ते सांगायला नको. या काळात ती दक्षिण पॅसिफिकमधल्या लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना भेटत फिरली. खालच्या कोर्टात जिंकली, स्टुडिओने अपील केलं. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील कोर्टानेही तिच्याच बाजूने निकाल दिला, आणि १९४५ च्या सुरुवातीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला. कॅलेंडरची सात वर्षं. त्या नियमाला आजही तिच्या नावाने ओळखतात, आणि हॉलिवूडचे नट, गायक अजूनही तो वापरतात.

हे निकालपत्र मी कधी वाचलं ते सांगते. संयोजक, नोकरीचा उल्लेख येतोय, पण एवढा एकच. इंजिनिअरिंगनंतरच्या माझ्या पहिल्या कंपनीने दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला होता आणि मूळ गुणपत्रिका स्वतःच्या कपाटात ठेवल्या होत्या. तुमच्यापैकी अनेकांनी असा बॉण्ड भरलाय. दुसऱ्या वर्षी बाबा आजारी पडले, मी सहा आठवडे बिनपगारी रजा घेतली. बॉण्ड संपत आला तेव्हा एचआरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, 'तुझे सहा आठवडे पुढे ढकललेत हं.' मला तोपर्यंत ऑलिव्हियाच्या खटल्याची नुसती ऐकीव गोष्ट माहीत होती. त्या रात्री सायबर कॅफेत बसून निकालपत्र शोधलं. कायद्याची भाषा, पण आपल्या इंग्रजीच्या सरांनी उतारे पाठ करून घेतलेल्या माणसाला कळेल अशी. त्यात एक मुद्दा होता जो मला तिथेच, त्या खुर्चीत, लागला. माणूस अनुभवाने कुशल होत जातो, त्या कौशल्याची योग्य किंमत मिळवायला, वर सरकायला त्याला वाजवी संधी हवी, म्हणून कायद्याने ही मुदत घातली आहे, आणि करारात सही करून ती सोडून देता येत नाही.

अमेरिकेतला कायदा पुण्यात लागू होत नाही, हे मला कळत होतं. पण मग मी माझा बॉण्ड पहिल्यांदाच नीट वाचला. रजेचे दिवस जोडण्याचं कलम त्यात नव्हतंच. एक पानाचं पत्र लिहिलं, कलमाचा क्रमांक विचारला. उत्तर आलं नाही. गुणपत्रिका मूळ तारखेला मिळाल्या.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेलनीसाठी ऑलिव्हियाला ज्या विभागात नामांकन होतं, ते ऑस्कर जिंकलं हॅटी मॅकडॅनियलने, त्याच सिनेमातल्या मॅमीने. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. १९४० च्या त्या समारंभात तिला सहकलाकारांच्या टेबलावर जागा नव्हती, ती भिंतीजवळच्या वेगळ्या टेबलावर बसली होती. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर तिला जाताही आलं नव्हतं. ऑस्करनंतरही तिच्या वाट्याला मोलकरणीच आल्या. जिला मुळात दुसरी भूमिका कुणी देतच नव्हतं, तिला भूमिका नाकारण्याच्या हक्काचा काय उपयोग? 'गॉन विथ द विंड' गुलामगिरीला ज्या लाडाने दाखवतो तो आता मला बघवत नाही. तरीही हॅटीसाठी मी तो बघते.

आणि हो, इंजिनिअर आहे म्हटल्यावर हेडी लमारबद्दल कुणीतरी विचारणारच. 'वायफायचा शोध लावणारी सुंदरी' हा फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर वर्षातून दोनदा येतो. तिने वायफायचा शोध लावलेला नाही. तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ साली पेटंट मिळवलं ते पाणतीराला रेडिओने दिशा देताना शत्रूने संदेश अडवू नये यासाठी. संदेश एकाच लहरीवर न ठेवता या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारत न्यायचा. पाठवणारा आणि घेणारा यांच्या उड्या जुळाव्यात म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी भोकं पाडलेली कागदी पट्टी. लहरी अठ्ठ्याऐंशी, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. त्या युद्धात नौदलाने ते वापरलं नाही. लहरींच्या उड्या मारण्याची युक्ती आज ब्लूटूथमध्ये आहे, पण त्यामागे पुष्कळ लोकांचं काम आहे. एवढं खरं पुरेसं थोर आहे, त्यात वायफाय घालायची गरज नाही. पुढचा फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका.

परत ऑलिव्हियाकडे. सुटल्यावर तिने काय केलं? स्वतः निवडलेल्या भूमिका. १९४६ चा 'टू ईच हिज ओन', पहिलं ऑस्कर. १९४८ चा 'द स्नेक पिट', मनोरुग्णालयातल्या बाईची गोष्ट, आणि त्यात ती सुंदर दिसण्याचा जरासुद्धा प्रयत्न करत नाही. आणि १९४९ चा 'द एअरेस', दुसरं ऑस्कर. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा सिनेमा. न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत डॉक्टरची साधीसुधी, बुजरी मुलगी. वडील तिला हुशार, रूपवान आईशी सतत तोलतात. एक देखणा तरुण तिच्यावर प्रेम करतो, किंवा तिच्या पैशावर. ज्या रात्री तो तिला पळवून न्यायला येणार असतो त्या रात्री ती बॅग भरून पहाटेपर्यंत थांबते, आणि मग जिना चढून वर जाते. असं सांगतात की तिला तो शॉट हवा तसा जमेना, तेव्हा दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या लक्षात आलं की बॅग रिकामी आहे. त्यांनी ती पुस्तकांनी भरायला लावली. पडद्यावर ते वजन दिसतं. शेवटी ती परत तोच जिना चढते, या वेळी हातात दिवा आहे. त्या वेळी काय होतं ते मी सांगणार नाही. फक्त तिचा आवाज ऐका. पहिल्या अर्ध्या तासात जो आवाज घशात अडखळतो, तो शेवटी सपाट, थंड आणि स्वच्छ झालेला असतो. मेलनीचा तो आवाज नाही. मला वाटतं त्या दोन आवाजांच्या मधे कोर्टातली ती वर्षं आहेत. हे सिद्ध करता येणार नाही.

एकशे एकाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २०१७ साली, तिने पुन्हा कोर्टात धाव घेतली. बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांच्या भांडणावरच्या एका मालिकेत आपलं पात्र न विचारता दाखवलं, आपल्या तोंडी आपल्याला न शोभणारं बोलणं घातलं, म्हणून. या वेळी हरली. माझं मत विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं, नाहीतर खऱ्या माणसांवर कुणाला काही लिहिताच येणार नाही. पण एकशे एक वर्षांची बाई वकीलपत्रावर सही करतेय हे चित्र मला फार आवडतं. २०२० साली पॅरिसमध्ये ती गेली, एकशे चार वर्षांची होऊन.

'द एअरेस'ची डीव्हीडी मी बरोबर आणली आहे. एक तास पंचावन्न मिनिटांचा आहे, सबटायटल्स आहेत. जेवणं साडेआठला आटपतील. ज्यांना जागायचंय त्यांनी नऊ वाजता चित्रकलेच्या वर्गात यावं. प्रोजेक्टर सरांनी लावून दिला आहे. सतरंज्या खालीच अंथरल्यात, पाठ टेकायला हवी असेल तर आपापली उशी आणा.