आधी वर्णन, मग नाव



संयोजकांनी मला ‘एआय आणि डॉक्टर’ असा विषय दिला, त्याला कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे दोन प्रश्न. एक असा, की मोबाइलवर फोटो टाकला की त्वचेचा रोग कळतो म्हणतात, मग पुढे त्वचेचे डॉक्टर लागतील कशाला? दुसरा आपल्यातल्या एका मैत्रिणीचा. तिच्या लेकीची इंटर्नशिप चालू आहे आणि तिला पुढे स्किन ब्रँचच हवी आहे, कारण ‘त्यात इमर्जन्सी नसते, रात्री झोप मिळते’.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या टीमने एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागासाठी निवासी डॉक्टरांचं लॉगबुक संगणकावर आणण्याचं काम केलं. कोणता रुग्ण पाहिला, काय तपासलं, काय निदान केलं, फोटो, वरिष्ठांचा शेरा, असं सगळं. ते समजून घ्यायला मी चार महिने त्यांच्या ओपीडीत कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. तिथे जे पाहिलं तेवढंच सांगते.

एमबीबीएसनंतरचा हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्या विभागात पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव एकदम घ्यायचं नाही, अशी विभागप्रमुख मॅडमची शिस्त होती. 

“काय दिसतंय?” 

“मॅडम, सोरायसिस.” 

“ते मी विचारलेलं नाही. दिसतंय काय?” 

मग तो मुलगा पुन्हा सुरुवात करायचा. सपाट डाग की उंचवटा, केवढा, कडा ठळक की विरत गेलेली, वर खपली कसली, अंगावर कुठे कुठे, दोन्ही बाजूंना सारखं की एकाच बाजूला. रुग्णाला ट्यूबलाइटखालून उठवून खिडकीजवळच्या उजेडात आणायचं. लाल भागावर काचपट्टी दाबून बघायची. लाली गेली तर रक्त वाहिन्यांतच आहे, नाही गेली तर ते बाहेर झिरपलंय. खपली हलकेच खरवडली आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले, की मग सोरायसिस म्हणायला परवानगी. आपल्या शास्त्राच्या बाई प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ वेगळ्या रकान्यांत लिहायला लावत, आणि आपण कंटाळून दोन्हीकडे तेच लिहीत असू, त्याची मला तिथे फार आठवण झाली.

लाल म्हणजे तरी काय, हाही प्रश्नच आहे. पाठ्यपुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या माणसांचे. त्यांच्या कातडीवर जे लालभडक दिसतं, ते आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी, कधी नुसतंच काळपट दिसतं. लंडनमध्ये २०२० साली मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांसोबत काळ्या-सावळ्या त्वचेवरची लक्षणं दाखवणारी ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली, ती याच अडचणीतून. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरला मात्र समोर बसलेला रुग्णच पुस्तक असतो. मॅडम म्हणायच्या, पुस्तकातला रंग विसर, याच माणसाच्या न बिघडलेल्या कातडीशी तुलना कर.

आता कुष्ठरोगाविषयी. या पदवीच्या नावातच त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तीन विषय आहेत, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. कुष्ठरोग संपला असा बहुतेकांचा समज आहे. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचं प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाहून खाली आलं, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं दूरीकरण झालं असं जाहीर झालं. पण जगात सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच असतात. तो रोग सुरुवातीला दिसतो कसा? एक फिकट चट्टा. दुखत नाही, खाजत नाही. म्हणून माणूस येतच नाही, किंवा आला तर दुसऱ्याच कशासाठी येतो आणि चट्टा शर्टाखाली राहतो.

तो कसा तपासतात ते मी कित्येकदा पाहिलं. कापसाची बारीक वात करायची. आधी चांगल्या कातडीला लावून दाखवायची, “काका, असं लागलं की तिथे बोट ठेवा.” मग डोळे मिटायला सांगायचं. काका हातावर, खांद्यावर बरोबर बोट ठेवतात. वात चट्ट्यावर टेकते आणि काका स्वस्थ बसून राहतात. त्यानंतर कोपरामागची नस बोटांनी चाचपायची, तीच जी आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती जाड झाली आहे का, दोन्ही हातांची सारखी आहे का, आणि हे करताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर, दुखलं का ते कळायला. ही नस गेली की करंगळी आणि शेजारचं बोट आकसून वाकतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. जंतू मरतात, पण वाकलेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. म्हणजे सगळं त्या कापसाच्या वातीवर, दोन मिनिटांवर. आणि बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली असते.

कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, कोडाचा नसतो. तरी कोड असलेल्या मुलीची आई ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द मनात घेऊनच आत येते. निवासी डॉक्टरांना हेही शिकवलं जातं, की आधी त्या आईला सांगायचं, हा कुष्ठरोग नाही, हा कुणाला लागत नाही, आणि मग औषध लिहायचं.

गजकर्णाच्या रुग्णांची मात्र वेगळीच तऱ्हा. मेडिकलमधून आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाच्या ट्यूब लावून ते आलेले असतात. खाज थांबते, बुरशी पसरते, आणि नेहमीची गोल कडा पुसली जाऊन नवशिक्या डॉक्टरला काही ओळखूच येत नाही. म्हणून तिथे पहिला प्रश्न, “ट्यूब आणली का?” पिशवीतून पिळून चपट्या झालेल्या तीन-चार ट्यूब निघतात, एखादी शेजारणीची.

इमर्जन्सीचं म्हणाल तर त्वचेच्या वॉर्डात मी एका खाटेवर केळीची पानं अंथरलेली पाहिली. औषधाच्या गंभीर रिॲक्शनमध्ये भाजल्यासारखी कातडी सुटून येते. चादर जखमेला चिकटते, पान चिकटत नाही आणि गार लागतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल अशा नेहमीच्या गोळ्यांनी क्वचित कुणाला हे होतं, आणि जिवावर बेततं. गेल्या दोन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली, हे रात्री दोन वाजता नातेवाइकांकडून काढून घ्यायचं काम स्किनच्याच निवासी डॉक्टरचं.

आता माझा प्रांत. २०१७ साली स्टॅनफर्डच्या गटाने ‘नेचर’मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. सुमारे १,२९,४५० फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम त्वचेचा कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचा ठरला. काम खरोखर मोठं होतं. पण पुढे त्याच गटातल्यांनी लिहिलं, की फोटोत मोजपट्टी असली की प्रोग्रॅमचा कल कर्करोगाकडे झुके. कारण डॉक्टर संशयास्पद डागाशेजारीच पट्टी ठेवतात. म्हणजे यंत्र डॉक्टरची शंका वाचत होतं! शिवाय फोटोला कापसाची वात लावता येत नाही. शिकवायला वापरलेल्या फोटोंवर योग्य नाव कुणीतरी आधी लिहिलेलं असावं लागतं, आणि ते लिहिणारी माणसं अशाच खिडकीजवळ तयार झालेली असतात. मी एआयच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावर आहे. जिथे तज्ज्ञ नाही अशा गावात ते उपयोगी पडेल असंही मला वाटतं. पण डॉक्टर कशाला, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

आमच्या लॉगबुकमध्ये मॅडमनी एकच अट घातली होती. वर्णन भरल्याशिवाय आणि ‘संवेदना तपासली का’ याचं उत्तर दिल्याशिवाय निदानाचा रकाना उघडताच कामा नये. आम्ही तसं केलं. निवासी डॉक्टर वैतागले, आणि पंधरवड्यात गर्दीच्या दिवसांच्या नोंदींत सगळीकडे ‘संवेदना सामान्य’ दिसू लागलं. सॉफ्टवेअर रकाना सक्तीचा करू शकतं, हात लावायला भाग पाडू शकत नाही. मॅडमचा तोडगा साधा होता. रोज दुपारी त्या नोंदींतला कुठलाही एक रुग्ण परत बोलावून स्वतः कापूस हातात घ्यायच्या, आणि ज्याने नोंद केली त्याला शेजारी उभं करायच्या. ओरडायच्या नाहीत. मुलं त्याला ‘दुपारचा कापूस’ म्हणत. तो सुरू झाल्यावर नोंदी बदलल्या.

तर मैत्रिणी, लेकीला स्किन घेऊ दे. ब्रँच सुंदर आहे. फक्त इंटर्नशिपमध्ये त्या विभागात जे थोडे दिवस मिळतील, त्यांत एकदा रात्री वॉर्डात थांबायला सांग, आणि सोमवारी सकाळी ओपीडीत लवकर जायला सांग. खिडकीजवळची जागा लगेच भरते.

बाकीचे प्रश्न जेवताना विचारा.