जास्तीचा गुंड न मागणारा गलांडा

पिंपळगाव राजातल्या बचत गटांकडून आम्ही आज फुलझाडांबद्दल बोलणार आहोत. कोणी म्हणेल, तूर सोंगायची राहिली, कापूस वेचायचा राहिला, अन् या फुलं घेऊन बसल्या! पण अंगणातलं फूल म्हणजे आधी पाण्याचा प्रश्न, आणि घरातलं पाणी कोणाच्या डोक्यावरून येतं हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आमच्या गटांनी फुलझाडं लावायचं ठरवलं तेव्हा पहिला नियम हाच केला की, या झाडांसाठी एक गुंडही जास्तीचा आणायचा नाही. जे पाणी घरात एकदा वापरून झालं, त्यावर जगेल तेच झाड आपलं. गुलाब सुंदर, पण आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की तो रोज पाणी मागतो. शेवंतीचंही तसंच. ती थंडीत फुलते, पण पुढच्या वर्षासाठी तिच्या काश्या उन्हाळाभर सावलीत, ओलाव्यात जगवाव्या लागतात. (शेवंतीला कळ्या धरायला रात्रीचा लांब अंधार लागतो. तुमच्या शेवंतीवर रात्रभर बल्बचा उजेड पडत असेल तर ती फुलायला उशीर करणारच. तिला नजर लागलेली नसते.)

या नियमात चपखल बसला तो गलांडा. लाल-पिवळा, दशमीच्या चाकासारखा गोल, हारात झेंडूच्या शेजारी असतो तोच. गलांडा मूळचा अमेरिकेतला, पण आपल्या देवाला आता तो परका वाटत नाही. त्याच्या पानांवर बारीक लव असते, त्यामुळे पानांतलं पाणी लवकर उडत नाही. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते. एकेरी पाकळ्यांचा गलांडा अंगणात शोभतो, आणि गोंड्यासारखा भरगच्च दुहेरी गलांडा हाराला बरा पडतो.

एक गंमत सांगतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर फुलांचं गावच असतं. मधल्या गोल भागात बारीक बारीक फुलं दाटीने बसलेली असतात आणि त्यातल्या फुलांतून एकेक बी तयार होतं. म्हणून वाळलेलं एक बोंड चुरगाळलं तरी पुष्कळ बी मिळतं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, आपली करडई, बांधावरची एकदांडी ही सगळी याच कुळातली.

आता लावायचं कसं ते ऐका. गलांडा पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, तिन्ही हंगामांत येतो. उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत रोप टाका, म्हणजे आत्ताच. जुन्या टोपलीत माती आणि चाळलेलं शेणखत घ्या, बी अगदी वरवर पेरा, जाड माती टाकू नका. चार-पाच आठवड्यांनी रोपं काढून दीड-दीड फुटावर लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. इथे पुष्कळ जणींचा हात आखडतो, पण शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि झाड झुडपासारखं भरतं. पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुलं सुरू होतात. सुकलेली फुलं काढत राहिलात तर पुढे बरेच दिवस येत राहतात.

पाण्याचं मात्र नीट ऐका. रोप लागेपर्यंत त्याला नेमाने पाणी हवं. एकदा मूळ धरलं की माती बोटभर खोल सुकल्याशिवाय देऊ नका. गलांडा तहानेपेक्षा जास्त पाण्याने लवकर मरतो. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि मूळ सडतं, म्हणून तिथे उंच वरंबा करून लावा. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. कपड्यांच्या फेसाचं पहिलं पाणी टाकू नका, शेवटच्या खळबळण्याचं चालेल. बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा थर द्या, ओल टिकते. आणि कोंबड्यांपासून रोपं वाचवायला भोवती काट्या लावा, नाहीतर सकाळी सगळं उकरलेलं दिसेल.

पैशांचं विचाराल, तर आम्ही मोठी आशा लावणार नाही. दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्त्याच्या कडेला पडलेला असतो, हे आपण खामगावच्या बाजारात पाहतो. गलांड्याला झेंडू-शेवंतीइतका भाव मिळतोच असं नाही. घरच्या देवाची, सणाची फुलं विकत आणावी लागत नाहीत, एवढा फायदा नक्की धरा. शेगाव जवळ आहे, हारवाल्यांना फुलं लागतात, पण आधी चार हारवाल्यांशी बोलून घ्या, मगच वावरात ओळी वाढवा.

याच कुळातलं एक नाठाळ पोर म्हणजे गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, कोणाला दम लागतो. निंदताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि पांढरी फुलं येण्याआधीच उपटा. ज्यांना गाजरगवताने पुरळ उठतं, त्यांना शेवंती-गलांड्यानेही कधी कधी त्रास होतो. अशा काकूंनी फुलं तोडायचं काम दुसऱ्यांवर सोपवावं, आणि पुरळ वाढलं तर दवाखाना गाठावा.

यंदाच्या संक्रांतीला गटाच्या हळदीकुंकवात प्लास्टिकचे डबे-चमचे वाटायचे नाहीत, वाण म्हणून गलांड्याचं बी द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. बोलावणं सगळ्याच बायांना आहे, ज्यांना एरवी कोणी बोलवत नाही त्यांनाही. ज्यांच्याकडे मागच्या हंगामातली बोंडं आहेत त्यांनी ती दोन दिवस सावलीत सुकवून, चुरून, कागदाच्या पुडीत आणावी. प्लास्टिकमध्ये बी घामेजतं. पुडीवर एकेरी की दुहेरी ते लिहा. लिहिता येत नसेल तर पुडीत एक वाळलेली पाकळी ठेवा, आम्ही ओळखून घेऊ.